तेराव्या महिन्याचा पगार

दिवाळी जवळ आली की आमच्या घरी दोन गोष्टींची वाट बघितली जायची: आईच्या चकल्यांची आणि बाबांच्या 'सणाच्या अ‍ॅडव्हान्स'ची. बाबा सरकारी कारकून. तो अ‍ॅडव्हान्स पुढच्या पगारातून हप्त्याहप्त्याने कापून जायचा, म्हणजे आपलेच पैसे आधी घ्यायचे! वार्षिक वेतनवाढ मात्र ठरलेली. राबणाऱ्याला आणि खुर्ची उबवणाऱ्याला सारखीच. तरी बाबा फाइली घरी आणून बसायचे.

सिंगापूरला आलो तेव्हा कळलं की इथल्या सरकारी नोकरांना तेराव्या महिन्याचा पगार मिळतो, शिवाय कामगिरीवर वेगळा बोनस. म्हटलं, हे आलं कुठून?

१९५९ साली सत्तेवर आलेल्या ली क्वान यू यांच्या सरकारने तिजोरी सावरण्यासाठी सरकारी नोकरांचे भत्ते कापले. मंत्र्यांनी स्वतःचे पगारही कमी केले, पण नोकरवर्ग बिथरला. १९६१ मध्ये सरकारला भत्ते पुन्हा सुरू करावे लागले. तेरावा पगार १९७२ चा. १९९४ मध्ये तर मंत्री व वरिष्ठ अधिकाऱ्यांचे पगार सहा खाजगी व्यवसायांतल्या सर्वाधिक कमाईशी जोडले गेले. हेतू हा, की हुशार माणसं टिकावीत आणि लाचेचा मोह पडू नये.

पण सगळं सुरळीत झालं असं नाही. २०११ च्या निवडणुकीत लोकांनी या पगारांवर राग काढला. २०१२ मध्ये पंतप्रधानांचा पगार ३६ टक्क्यांनी कमी झाला. मंत्र्यांचा बोनसही नुसत्या आर्थिक वाढीवर न ठेवता बेरोजगारी आणि तळच्या पाचव्या हिश्श्याच्या उत्पन्नाशी जोडला गेला. तरीही २०२४ मध्ये माजी मंत्री एस. ईश्वरन यांना भेटी स्वीकारल्याबद्दल तुरुंगवास झालाच. म्हणजे पगार मोठा असला तरी नजर ठेवावी लागते.

आपल्याकडेही हे नवीन नव्हतं. शिवाजी महाराजांनी जहागिरीऐवजी रोख वेतनावर भर दिला. वेतन तिजोरीतून आलं की माणसाची बांधिलकी राज्याशी राहते, रयतेला लुटून तो स्वतःचं राज्य थाटत नाही.

मला यातून एकच कळलं: पैसा किती, यापेक्षा तो कशासाठी दिला हे महत्त्वाचं.

बोनस मिळाला असता तर बाबांनी जास्त फाइली आणल्या असत्या का? मला वाटतं, तेवढ्याच आणल्या असत्या. पण 'कुणीतरी बघितलं' एवढं समाधान घेऊन ते निवृत्त झाले असते.