करंजाचं तेल आणि न दिसणारा धूर

आमच्या शाळेच्या आवारात एक जुनं करंजाचं झाड होतं. उन्हाळ्यात शेंगा गळाल्या की जवळच्या कोलाम पोडावरच्या बाया बिया वेचायला यायच्या. खरजेवर हेच तेल, दिव्यातही हेच तेल. पलीकडच्या शेतातलं डिझेल इंजिन काळा धूर ओकत असायचं. त्या धुराचा आणि या झाडाचा काही संबंध असेल, असं माझ्या मनात कधी आलं नव्हतं.

२००३ साली नियोजन आयोगाच्या समितीचा बायोडिझेलवरचा अहवाल आला आणि मोगली एरंड, करंज ही नावं वर्तमानपत्रांत झळकू लागली. मी उत्साहाने वर्गात सांगितलं, "झाडाचं तेल जाळलं की धूर स्वच्छ." मागच्या बाकावरच्या एका पोराने विचारलं, "गुरुजी, धूर दिसत नाही म्हणजे तो नसतेच का?" मी "हो" म्हणून मोकळा झालो. ते उत्तर चुकीचं होतं.

मी पडलो इतिहासाचा माणूस, म्हणून आधी इतिहासच पाहिला. १९०० साली पॅरिसच्या प्रदर्शनात एक छोटं डिझेल इंजिन शेंगदाण्याच्या तेलावर चालवून दाखवलं होतं. आफ्रिकेतल्या वसाहतींत शेंगदाणा पिकतो, तिथे हे इंजिन चालेल का, हे फ्रेंच सरकारला पाहायचं होतं. खुद्द रुडॉल्फ डिझेलने १९१२ साली हे नोंदवून ठेवलं आहे. पुढे खनिज तेल स्वस्त झालं आणि ही गोष्ट मागे पडली.

ती परत आली आमच्या अगदी जवळ. पैनगंगा ओलांडली की तेव्हाचा आदिलाबाद जिल्हा. तिथल्या पॉवरगुडा या आदिवासी गावातल्या बायांच्या गटाने करंजाचं तेल काढायला घेतलं. डिझेलऐवजी हे तेल वापरून दहा वर्षांत १४७ टन कार्बन डायऑक्साइड वाचेल, असा हिशेब झाला आणि २००३ साली जागतिक बँकेने त्यापोटी ६४५ डॉलर दिले. वॉशिंग्टनमधल्या एका परिषदेच्या प्रदूषणाची ही भरपाई होती! वेचणाऱ्या बायांच्या हाताला प्रथमच असा भाव आला.

आता धुराकडे वळू. चूल धुमसली की आपण फुंकणीने वारा घालतो. इंजिनात डिझेलचे बारीक थेंब उडतात. फवाऱ्याच्या आतल्या भागाला हवा पुरत नाही, तिथला कार्बन अर्धवट जळतो, तीच काजळी. डिझेलमध्ये ऑक्सिजन जवळजवळ नसतोच. बायोडिझेलमध्ये तो वजनाने सुमारे ११ टक्के असतो, इथेनॉलमध्ये सुमारे ३५. म्हणजे हे इंधन आपली फुंकणी सोबतच घेऊन येतं. अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेने २००२ साली काढलेल्या सरासरीत, २० टक्के बायोडिझेल मिसळल्यावर काजळीचे कण सुमारे १० टक्के आणि कार्बन मोनॉक्साइड ११ टक्के घटला. पण नायट्रोजनची ऑक्साइडं २ टक्के वाढली. हा नायट्रोजन तेलातला नव्हे, हवेतलाच. सिलिंडरच्या उष्णतेत त्याचा ऑक्सिजनशी संयोग होतो. हा वायू काळा दिसत नाही, पण छातीला बाधतो.

इथेनॉलची अडचण वेगळी. दाबाने ते सहज पेट घेत नाही. नागपुरात ऑगस्ट २०१४ मध्ये इथेनॉलवरची बस धावली, तिच्या इंधनात ९५ टक्के इथेनॉल आणि बाकी पेट घेण्यास मदत करणारी द्रव्यं होती. २०१८ साली त्या बसेस बंद पडल्या. त्याच वर्षीच्या राष्ट्रीय धोरणाने डिझेलमध्ये ५ टक्के बायोडिझेलसाठी २०३० ही मुदत ठरवली. त्याआधीच्या धोरणात २०१७ पर्यंत २० टक्क्यांचं लक्ष्य होतं. प्रत्यक्षात मिश्रण एक टक्क्यापर्यंतही पोचलं नाही. मोगली एरंडाने कोरडवाहू जमिनीत सांगितलं तेवढं बी दिलंच नाही.

एप्रिल २०२० पासून नव्या गाड्यांना भारत स्टेज सहाचे नियम लागू झाले. काजळी अडवणारी गाळणी आणि नायट्रोजनच्या वायूंवरचा उपाय आता बहुतेक गाड्यांतच बसवलेला असतो. पण शेतातली जुनी इंजिनं आहेत तशीच आहेत, आणि करंजाच्या तेलाचा उपयोग कुठे असेल तर तो तिथेच आहे, असं मला वाटतं. मात्र कच्चं तेल घट्ट असतं, इंजिनात साचतं. त्याचं रीतसर बायोडिझेल करूनच वापरावं.

तो पोरगा आता कुठे असतो, ठाऊक नाही. भेटला तर सांगेन, "बाबू, तुझा प्रश्न बरोबर होता. तेव्हा मी घाई केली."