दोराचं दुसरं टोक

रत्नागिरीत प्रस्तरारोहणावर बोलायचं ठरलं तेव्हा संयोजकांनी मला जरा चाचरतच विचारलं, "सर, तुम्ही स्वतः कधी चढलात का?" चढलोय. फार नाही. आता पंच्याहत्तरीत गच्चीच्या शिडीवरसुद्धा घरचे मला एकट्याला सोडत नाहीत. पण एकदा एका दोराला मी लटकलो होतो आणि त्या दोराचं देणं अजून फिटलेलं नाही. ते नंतर सांगतो. आधी इतिहास.

सुरुवात सिंहगडापासून करू, कारण ती आपल्या सगळ्यांना पाठ आहे. ४ फेब्रुवारी १६७० ची रात्र. तानाजी मालुसरे, उदेभान, घोरपड. आता ही घोरपड कुठून आली? ती पुढच्या काळातल्या पोवाड्यातून आणि लोकांच्या तोंडून आली. यशवंती तिचं नाव. पूर्ण वाढलेल्या घोरपडीचं वजन जेमतेम सात-आठ किलो असतं. तिच्या कमरेच्या दोरावर हत्यारबंद माणसं चढली हे मानायला मन धजत नाही. सभासदाची बखर या घटनेनंतर पंचवीसेक वर्षांत जिंजीला लिहिली गेली. तिच्यात घोरपड नाही. तिच्यात काय आहे ते ऐका. तानाजीनं दोन चांगले मावळे निवडले आणि रात्री कड्यावर चढवले. ते वानरासारखे वर गेले. वरून त्यांनी माळ लावली, आणि मग त्या माळेवरून तानाजीसह तीनशे माणूस चढून गेला. माळ म्हणजे दोराची शिडी.

आजच्या कुठल्याही गिर्यारोहण संस्थेतल्या मुलाला हे वाचून दाखवा. तो म्हणेल, "सर, ही तर आमचीच पद्धत." पहिला माणूस मोकळा चढतो, वर दोर पक्का करतो, बाकीचे त्या दोरावर येतात. साडेतीनशे वर्षांत पद्धत तीच आहे. पण माझं लक्ष दुसरीकडे जातं. तानाजीचं नाव आपल्याला माहीत आहे, उदेभानाचं माहीत आहे, शेलारमामांचं माहीत आहे. घोरपडीलासुद्धा नाव मिळालं. ते दोघे कोण होते? त्यांची नावं बखरीत नाहीत. त्या रात्री सगळ्यांत अवघड काम ज्यांनी केलं, काळोखात, कुणाच्याही आधाराशिवाय, ते इतिहासात ‘दोघे मावळे’ म्हणून राहिले. तीन वर्षांनी, मार्च १६७३ मध्ये, कोंडाजी फर्जंदानं साठ माणसांनिशी पन्हाळा घेतला. तिथेही कडा चढूनच गेले. तिथेही कोंडाजी आठवतो, साठ आठवत नाहीत.

कडे चढणं हा आपल्याकडे खेळ कधीच नव्हता, ते पोटाचं किंवा देवाचं काम होतं. मोहोळाचा मध काढणारे कातकरी, ठाकर वेलींच्या आधारानं कड्यावरून खाली उतरत. कर्जतजवळच्या ढाकच्या बहिरीला आजही भाविक कड्यातून जातात. पायऱ्या झिजलेल्या, मध्ये दोर, शेवटच्या टप्प्याला खाचा पाडलेलं झाडाचं खोड. वर गुहेत देवाची भांडी ठेवलेली असतात. ती घ्यायची, स्वयंपाक करायचा, घासून परत ठेवायची. एवढ्या उंचावर कुलूप नाही की राखण नाही, पण भांडी जागच्या जागी असतात. आणि रायगडची हिरकणी? दंतकथा म्हणा हवं तर. पण कथा रचणाऱ्याला चढाईतलं कळत होतं. त्यानं तिला कडा उतरायला लावला. चढताना पुढची पकड डोळ्यांसमोर असते, उतरताना पाय कुठे टेकणार ते दिसत नाही. दूधपित्या लेकराची आई, रात्र, आणि दोर नाही.

आता थोडं दगडाविषयी. आपण रत्नागिरीकर जांभ्यातले लोक. आपली घरं चिऱ्यांची, आपले सडे जांभ्याचे. जांभा घर बांधायला सोन्यासारखा, चढायला बेभरवशाचा. हातात पकड आली म्हणता म्हणता तीच निघून येते. चढायचा दगड पूर्वेला आहे, सह्याद्रीच्या भिंतीत. तो काळा बेसाल्ट, सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी थरावर थर साचलेला लाव्हा. एक थर टणक, त्याखालचा भुसभुशीत. म्हणून आपल्या कड्यांना आडव्या पट्ट्या दिसतात, मध्ये गवताचे कंगोरे असतात आणि सुटे दगड फार. युरोपातल्या ग्रॅनाइटमध्ये उभ्या भेगा मिळतात, त्यांत मेख ठोकता येते. इथे तशा भेगा कमी. पावसाळ्यात सगळं शेवाळतं. त्यामुळे चढाईचा हंगाम दिवाळीनंतरचा, आणि त्यातही आग्या मोहोळ उठवायचं नाही हे पहिलं शिकायचं.

१८१८ नंतर इंग्रजांनी नाशिककडच्या अनेक किल्ल्यांच्या पायऱ्या आणि वाटा सुरुंग लावून उडवल्या, म्हणजे कुणी पुन्हा वर जाऊन बसू नये. अलंग आणि मदन या गडांवर आज दोर लावून जावं लागतं ते तुटलेल्या पायऱ्यांमुळेच. पुढच्या पिढ्यांच्या गिर्यारोहकांची सोय इंग्रजांनी अशी नकळत करून ठेवली.

त्याच सुमारास तिकडे आल्प्समध्ये चढणं हा हौशी लोकांचा छंद होत होता. लंडनमध्ये १८५७ साली अल्पाइन क्लब निघाला. १८६४ मध्ये त्यांनी समिती नेमून कोणता दोर किती भार सोसतो हे तपासलं. आणि पुढच्याच वर्षी, १४ जुलै १८६५ ला, मॅटरहॉर्न सर करून परत येताना दोर तुटला. सात जणांपैकी चार गेले. जो दोर तुटला तो त्यांच्याकडच्या दोरांत सगळ्यांत कच्चा होता. वाचलेल्या म्हाताऱ्या वाटाड्यानं, पीटर टाउगवाल्डरनं, दोर कापला अशी कुजबुज झाली. चौकशीत ते टिकलं नाही, पण संशय त्याला चिकटला तो चिकटलाच. इंग्रज गिर्यारोहक व्हिंपर जगप्रसिद्ध झाला. दोराला दोन टोकं असतात, आणि दोन्ही टोकांच्या वाट्याला सारखं येत नाही.

म्हणूनच १९५३ च्या एव्हरेस्टची एक गोष्ट मला फार आवडते. तेनसिंग आणि हिलरी खाली आले तेव्हा सगळ्या जगाचा एकच प्रश्न: आधी पाय कुणी ठेवला? दोघांनी मिळून सांगितलं की आम्ही जवळजवळ एकत्रच पोचलो. पुढे तेनसिंगनं आत्मचरित्रात हिलरी पुढे होता हे मोकळेपणानं सांगून टाकलं. पण एका दोरावरच्या माणसांना तो प्रश्नच मुळात चुकीचा वाटला होता.

त्या एव्हरेस्टनं आपल्याकडेही वारं सुटलं. १९५४ साली दार्जिलिंगला गिर्यारोहण संस्था उभी राहिली, आणि त्याच वर्षी मुंबईत गिरिविहार. मुंब्र्याचे डोंगर, खंडाळ्याची नागफणी ही मुंबईकर पोरांची शाळा झाली. शनिवारी रात्रीची गाडी, फलाटावर झोप, डब्यातल्या पोळ्या सगळ्यांच्या मिळून. बँकेतला कारकून आणि कारखान्यातला फिटर एका दोरावर. पुण्यात १९८२ मध्ये गिरिप्रेमी निघाली. १९९८ ला हृषीकेश यादवांच्या नेतृत्वाखालच्या मोहिमेतून सुरेंद्र चव्हाण एव्हरेस्टवर पोचले, २०१२ ला उमेश झिरपे यांच्या नेतृत्वाखाली गिरिप्रेमीची तुकडी. कोकणातही अशी मंडळं उभी राहिली. आपल्याकडे रत्नदुर्ग माऊंटेनिअर्स आहेत. ही यादी लांबवता येईल, पण ती तुम्हाला कुठेही वाचायला मिळेल.

साधनांचं मात्र थोडं सांगायला हवं. पूर्वी दोर म्हणजे अंबाडी किंवा मनिला, आपल्याकडे काथ्याचं सुंभ. दुसऱ्या महायुद्धानंतर नायलॉन आलं. १९५३ मध्ये जर्मनीत एडलरिड कंपनीनं आत गाभा आणि वरून विणलेली साल असा दोर काढला. आजचे सगळे चढाईचे दोर त्याच जातीचे. माणूस पडला की हा दोर ताणतो, कधी लांबीच्या तिसऱ्या हिश्श्याइतका, आणि पडण्याचा धक्का पोटात घेतो. न ताणणाऱ्या दोरावर पडलात तर दोर टिकेल, कंबर टिकणार नाही. आता माझ्या पिढीकडे यातलं काय होतं? हार्नेस नाही. दोरच कमरेला गुंडाळायचा. खालच्याला सांभाळणारा वरचा माणूस दोर स्वतःच्या पाठीमागून घेऊन बसायचा. पायात कॅनव्हासचे बूट. आणि आमचा दोर, सांगायला लाज वाटते, मिरकरवाड्याच्या बंदरावरून उसना आणलेला. होडी बांधायचा.

हे १९७३ चं. सुट्टीत आम्ही पाच जण संगमेश्वर तालुक्यात शृंगारपूरला गेलो. शृंगारपूर म्हणजे येसूबाईंचं माहेर, त्याच्या माथ्यावर प्रचितगड. वाटेत एका तुटलेल्या जागी आम्ही अडलो. खालच्या वाडीतला एक माणूस गवत कापत होता. पन्नाशीचा असेल. आमचा दोर त्यानं हातात घेतला, वास घेतला आणि हसला. "पोरांनू, ह्यो दोर व्हडीला बरा." मग स्वतःचा, गुरांचा दोर खांद्यावर टाकून अनवाणी निघाला. मी विचारलं, "मामा, तुम्ही पडलात तर?" म्हणाला, "मी पडलो तं पडलो. तुमी पडलाव तं तुमच्या आयशीला काय सांगू?"

तो वर गेला, एका खडकाला पाय रोवून बसला आणि दोर कमरेमागून घेतला. ही पद्धत त्याला कुणी शिकवली नव्हती. उधळलेला रेडा आवरताना दोराला खांबाचा वळसा देतात, तेच गणित. तिसरा मी होतो. पाय निसटला. फार नाही पडलो, दोनेक पुरुष. पण तो सगळा झटका त्याच्या हातांनी घेतला. वर पोचलो तेव्हा तो मुठी मिटून बसला होता. संध्याकाळी वाडीत चहा घेताना त्यानं कप दोन मनगटांत धरला, तेव्हा मला कळलं तळव्यांचं काय झालंय ते.

कॉलेजच्या वार्षिकात मी लेख लिहिला, ‘प्रचितगड सर!’ उद्गारचिन्हासकट. लेखात आम्हा पाचही जणांची नावं होती. त्याच्याबद्दल एक ओळ: ‘स्थानिकांचे सहकार्य लाभले.’ नाव नाही, कारण मी विचारलंच नव्हतं. पुढे चाळीस वर्षं मी वर्गात कांट शिकवला, माणसाला केवळ साधन म्हणून वापरू नये हे सांगितलं. आणि साधनांच्या यादीत मी त्याला दोराच्या खालीच घातलं होतं.

हे सगळं पुन्हा वर आलं ते जुलै २०१८ मध्ये. दापोलीच्या कृषी विद्यापीठातली माणसं सहलीला निघाली होती, आंबेनळी घाटात बस दरीत गेली. आपल्या जिल्ह्यात ते घर न घर जाणतं. जास्त बोलत नाही. एकच जण जिवंत वर आला. पण खाली उतरलं कोण? महाबळेश्वर ट्रेकर्स आणि आसपासच्या मंडळांची मुलं. भर पावसात, सुटत्या दगडांतून, दोरावर. रविवारी कडे चढायला शिकलेली ही पोरं अनोळखी लोकांची माणसं एकेक करून वर आणत होती. वर्तमानपत्रातल्या फोटोत बहुतेकांची पाठच दिसत होती, कारण ती दोर ओढत होती.

त्यानंतरच्या हिवाळ्यात मी शृंगारपुराकडे गेलो. प्रचितगडावर आता लोखंडी शिडी आहे असं सांगतात. मी काही वर गेलो नाही, वाडीतच थांबलो. निम्म्या घरांना कुलपं, माणसं मुंबईला. एका आजींना खुणा सांगितल्या: पन्नाशीचा, गवत कापायचा, हात सोलवटले होते. त्या हसल्या. म्हणाल्या, तसं तं सगळ्यांचंच व्हायचं. मग आठवून आठवून त्यांनी तीन नावं सांगितली. तिघेही गेलेले.

तिन्ही नावं मी वहीत लिहून आणली आहेत. कोणतं खरं ते सांगायला आता कुणी नाही. मघाशी संयोजकांनी मला वीस मिनिटं दिली होती, ती केव्हाच संपली. प्रश्न असतील तर घेऊ.