बँकेच्या ॲपसमोर बनावट स्क्रीन : ‘स्ट्रँडहॉग’ म्हणजे काय, आणि आपला अँड्रॉइड फोन कसा तपासायचा?

बिडकीन (ता. पैठण) : पीएम किसानचा हप्ता आल्याचा मेसेज, पीक विम्याची पावती, आधारचा फोटो, सातबाऱ्याची पीडीएफ, बँकेचं ॲप. आज शेतकऱ्याचं निम्मं कपाट मोबाईलमध्येच असतं. ‘ओटीपी कुणाला सांगू नका’ हे आता घरातल्या म्हाताऱ्या माणसांनाही पाठ झालंय. पण न सांगताही ओटीपी जाऊ शकतो, हे अनेकांना माहीत नसतं. फोन ज्या सिस्टीमवर चालतो तिच्यातच त्रुटी असेल, तर एक ॲप दुसऱ्या ॲपची माहिती चोरू शकतं. अशीच एक मोठी त्रुटी म्हणजे ‘स्ट्रँडहॉग’. डिसेंबर २०१९ मध्ये केंद्रीय गृह मंत्रालयाने याबाबत सर्व राज्यांना सावध केलं होतं. ही त्रुटी काय होती आणि आजही ती समजून घेणं का गरजेचं आहे, ते पाहू.

त्रुटी नेमकी काय होती?

अँड्रॉइड ही फोनची मूळ यंत्रणा आहे. वाड्यात जशा वेगवेगळ्या खोल्या असतात, तशी ही यंत्रणा प्रत्येक ॲपला स्वतंत्र खोली देते. एका खोलीतल्या ॲपने दुसऱ्या खोलीत डोकवायचं नाही, हा नियम. मेसेज, कॅमेरा, माईक, लोकेशन हवं असेल तर आधी मालकाची, म्हणजे तुमची, परवानगी घ्यायची.

एकाच वेळी अनेक ॲप उघडी असतात, म्हणून अँड्रॉइड त्यांच्या स्क्रीन गटागटाने लावून ठेवतं. आपली स्क्रीन कोणत्या गटात बसवायची, हे ॲपला स्वतःला सांगता येतं. गफलत इथेच झाली. एखादं बनावट ॲप ‘मी बँकेच्या ॲपच्या गटातलाच’ असं सांगू शकत होतं आणि यंत्रणा ते मान्य करत होती.

मग व्हायचं काय? तुम्ही बँकेच्या खऱ्याच चिन्हावर बोट ठेवायचात, पण समोर यायची बनावट ॲपची स्क्रीन. रंग तोच, बोधचिन्ह तेच. तुम्ही पासवर्ड टाकला की तो चोराकडे. किंवा ‘मेसेज वाचण्याची परवानगी द्या’ अशी चौकट यायची. बँकच मागतेय असं समजून तुम्ही ‘हो’ म्हणायचात आणि परवानगी मिळायची बनावट ॲपला. त्यानंतर मेसेज, ओटीपी, फोटो, कॉलची यादी, लोकेशन, माईक सगळं उघडं. त्यासाठी फोनचं कुलूप तोडावं लागत नव्हतं.

उघडकीस कशी आली?

चेक रिपब्लिक या देशात काही बँकांच्या ग्राहकांच्या खात्यातून पैसे गायब होऊ लागले. त्याचा माग काढताना नॉर्वेतील ‘प्रोमॉन’ या सुरक्षा कंपनीला ही त्रुटी सापडली. डिसेंबर २०१९ मध्ये कंपनीने ती जाहीर केली. किनाऱ्यावर अचानक उतरून लूट करण्याच्या समुद्री टोळ्यांच्या जुन्या पद्धतीवरून तिला ‘स्ट्रँडहॉग’ हे नाव दिलं. तेव्हा नवं असलेलं अँड्रॉइड १० सुद्धा यातून सुटलं नव्हतं. सर्वाधिक वापरातली ५०० ॲप तपासली, तर त्या सगळ्यांची अशी नक्कल करणं शक्य होतं. ‘लुकआउट’ या कंपनीला या त्रुटीचा गैरफायदा घेणारी ३६ ॲप आढळली.

मे २०२० मध्ये याचीच दुसरी आणि जास्त घातक आवृत्ती, ‘स्ट्रँडहॉग २.०’, समोर आली. तिचा धोका अँड्रॉइड ९ आणि त्याआधीच्या फोनला होता. अँड्रॉइड १० ला तो नव्हता. गूगलने मे २०२० च्या सुरक्षा अपडेटमध्ये अँड्रॉइड ८, ८.१ आणि ९ साठी दुरुस्ती दिली.

मग आता भीती कशाची?

गूगलने दुरुस्ती तयार केली म्हणजे ती आपल्या फोनमध्ये आली, असं नाही. गूगल दुरुस्ती देतं, फोन बनवणारी कंपनी ती आपल्या मॉडेलसाठी तयार करते, मग ती आपल्यापर्यंत येते. स्वस्त फोनला कंपन्या अपडेट थोडीच वर्षं देतात. मोठ्या मुलाचा जुना फोन आईकडे किंवा आजोबांकडे जातो, सेकंडहँड फोन घेतला जातो. फोन चालतो, पण अपडेट कधीच बंद झालेली असते. अशा फोनमधली त्रुटी कायमची उघडी राहते.

दुसरी गोष्ट. अशा त्रुटीचा फायदा घ्यायला आधी बनावट ॲप फोनमध्ये शिरावं लागतं, आणि दार बहुतेक वेळा आपणच उघडतो. ऑगस्ट २०२५ मध्ये आपल्या मराठवाड्यातल्याच हिंगोली जिल्ह्यात एका सरकारी कर्मचाऱ्याला व्हॉट्सॲपवर लग्नाची पत्रिका आली. दिसायला पीडीएफ, प्रत्यक्षात एपीके फाईल, म्हणजे ॲपच. ती उघडली आणि खात्यातून सुमारे १ लाख ९० हजार रुपये गेले. फोन नवा असो वा जुना, अशी फाईल स्वतःच्या हाताने बसवली तर कुठलीही अपडेट वाचवू शकत नाही.

आपला फोन असा तपासा

१. सेटिंग्जमध्ये ‘अबाउट फोन’ उघडा. तिथे अँड्रॉइडची आवृत्ती आणि ‘सिक्युरिटी अपडेट’ची तारीख दिसते. काही फोनमध्ये ‘सिक्युरिटी पॅच’ असं लिहिलेलं असतं. तारीख वर्ष-दोन वर्षं जुनी असेल तर ‘सॉफ्टवेअर अपडेट’ दाबून पाहा.

२. अपडेट येतच नसेल तर त्या फोनवर बँकेचं ॲप आणि यूपीआय ठेवू नका. कॉल आणि व्हिडिओपुरता वापरा. बँकेला जोडलेलं सिमही त्यात नको, कारण ओटीपी त्यावरच येतो.

३. प्ले स्टोअरमध्ये स्वतःच्या फोटोवर बोट ठेवा, ‘प्ले प्रोटेक्ट’ उघडा आणि तपासणी करा.

४. सेटिंग्जमध्ये ‘इन्स्टॉल अननोन ॲप्स’ शोधा. व्हॉट्सॲप, क्रोम आणि फाईल मॅनेजरसमोर ते बंद करा.

५. ‘परमिशन मॅनेजर’मध्ये एसएमएसची परवानगी कुणाकुणाला आहे ते पाहा. ई-पीक पाहणीला कॅमेरा आणि लोकेशन लागतं, कारण शेतात उभं राहून पिकाचा फोटो काढायचा असतो. पण टॉर्चच्या ॲपला तुमचे मेसेज कशाला हवेत? अशी परवानगी लगेच काढा.

६. ‘ॲक्सेसिबिलिटी’ तपासा. ही परवानगी मिळालेलं ॲप स्क्रीनवरचं सगळं वाचू शकतं. अनोळखी ॲपचं नाव दिसलं तर बंद करा.

७. बाकीची ॲपही अपडेट ठेवा. मे २०२४ मध्ये मायक्रोसॉफ्टने शाओमीचा फाईल मॅनेजर आणि डब्ल्यूपीएस ऑफिस यांतली अशीच एक त्रुटी जाहीर केली होती. दुरुस्ती मिळाली ती ॲप अपडेट करणाऱ्यांनाच.

ही लक्षणं दिसली तर सावध व्हा

• आधीच सुरू असलेलं ॲप पुन्हा लॉगिन मागतं.
• परवानगीच्या चौकटीत ॲपचं नावच नाही.
• बटण दाबलं तरी काही होत नाही, किंवा मागे जाण्याचं बटण नेहमीसारखं चालत नाही.
• स्क्रीनवरच्या मजकुरात शुद्धलेखनाच्या चुका आहेत.

पैसे गेलेच तर?

आधी मोबाईल डेटा आणि वायफाय बंद करा. घरातल्या दुसऱ्या फोनवरून १९३० या हेल्पलाईनला आणि बँकेला फोन करून खातं गोठवायला सांगा. राष्ट्रीय सायबर क्राईम पोर्टलवर किंवा बिडकीन पोलीस ठाण्यात तक्रार द्या. मेसेज आणि फाईलचे स्क्रीनशॉट ठेवा, फोन लगेच रिसेट करू नका.

वेळ इथे पैशाइतकीच महत्त्वाची. रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकानुसार, चूक बँकेचीही नाही आणि ग्राहकाचीही नाही अशा व्यवहारात ३ कामकाजाच्या दिवसांत बँकेला कळवलं, तर ग्राहकावर भार येत नाही. ग्राहकाच्याच निष्काळजीपणामुळे पैसे गेले, तर बँकेला कळवेपर्यंतचं नुकसान त्याला सोसावं लागतं. कळवल्यानंतर जे जातं ते बँकेने भरायचं असतं. म्हणून ‘लोक काय म्हणतील’ या लाजेपोटी दोन दिवस गप्प बसू नका.

नवा फोन घेताना दुकानदाराला कॅमेऱ्याबरोबर एक प्रश्न जरूर विचारा : या मॉडेलला सुरक्षा अपडेट किती वर्षं मिळणार? आणि आज संध्याकाळी घरातल्या प्रत्येकाच्या फोनची तारीख एकदा पाहून घ्या. पाच मिनिटांचं काम आहे.