परिचर्या शिक्षण : सार्वजनिक निधी व मनुष्यबळ (बारवी–उल्हासनगर पट्टा)

परिचारिका घडवण्यासाठी शासन करते तो खर्च, आणि त्या शिक्षणासाठी लागणारी शिक्षकांची व रुग्णालयातली पदे, असा या नोंदीचा विषय आहे. महाराष्ट्रात हा पैसा एका खात्यातून येत नाही. पदवी महाविद्यालये वैद्यकीय शिक्षण विभागाकडे आहेत. जिल्हा रुग्णालयांना जोडलेल्या परिचर्या शाळा सार्वजनिक आरोग्य विभाग चालवतो. खेड्यातल्या आरोग्य सेविका जिल्हा परिषदेच्या आस्थापनेवर असतात. त्यामुळे एक परिचारिका तयार करायला सरकारला किती खर्च येतो, याचा एकत्र हिशेब सामान्य वाचकाला सहजी सापडत नाही.

हा प्रश्न इथे बारवी–उल्हासनगर पट्ट्याच्या उदाहरणातून पाहू. महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाने 1972 मध्ये बांधलेल्या बारवी धरणाच्या पाण्यावर उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर ही शहरे आणि इथले कारखाने वाढले. पाणी आले, वस्ती दाटली. सरकारी खाटा मात्र त्या वेगाने वाढल्या नाहीत. उल्हासनगर मुळात दुसऱ्या महायुद्धातली लष्करी छावणी. फाळणीनंतर तिथे सिंधी निर्वासित वसले आणि 1949 मध्ये गावाला आजचे नाव मिळाले. कॅम्प 3 मधले शासकीय मध्यवर्ती रुग्णालय आजही या तिन्ही शहरांबरोबर मुरबाड, कर्जतकडच्या रुग्णांचा भार वाहते.

खाटांचा मुद्दा इथे मुद्दाम आणला आहे, कारण परिचर्या वॉर्डातच शिकता येते. भारतीय परिचर्या परिषदेच्या निकषांत दहा विद्यार्थ्यांमागे एक शिक्षक आणि प्रात्यक्षिकासाठी एका विद्यार्थ्यामागे तीन रुग्ण असे प्रमाण धरले आहे. पाठ्यनिर्देशिकेचे, म्हणजे परिचर्या शिकवणाऱ्या शिक्षिकेचे पद रिकामे राहिले की वर्गातला तास बुडतो, शिवाय वॉर्डात विद्यार्थिनीच्या शेजारी उभे राहून सुई कशी टोचायची, नोंदवही कशी भरायची हे दाखवणारे कोणी उरत नाही. मग ते काम परिसेविकेवर, म्हणजे वॉर्डाच्या प्रमुख परिचारिकेवर येते. तिच्या हाताखाली आधीच अधिपरिचारिका कमी असतात. विद्यार्थिनी शिकणारी न राहता बिनपगारी जादा हात होऊन बसते. सार्वजनिक निधीतली सर्वांत मोठी उणीव इथे आहे असे या लेखकाचे स्पष्ट मत आहे. इमारतीला तरतूद होते, जागा वाढवल्याची घोषणा होते. आकृतिबंधातली, म्हणजे मंजूर शिक्षकपदे भरायला मात्र वर्षे जातात.

हे निकष ज्या नियमनातून येतात त्याचा इतिहास थोडक्यात असा. मुंबई प्रांतात 1935 साली परिचारिकांच्या नोंदणीचा कायदा झाला. 1947 च्या केंद्रीय कायद्याने भारतीय परिचर्या परिषद आली आणि 1966 च्या राज्य कायद्याने महाराष्ट्र परिचर्या परिषदेला आजचे रूप मिळाले. 1947 च्या कायद्याची जागा घेणारा राष्ट्रीय परिचर्या व प्रसविका आयोगाचा कायदा 2023 मध्ये संमत झाला.

त्याच वर्षी एप्रिलमध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने 2014 नंतर स्थापन झालेल्या 157 वैद्यकीय महाविद्यालयांलगत तितकीच परिचर्या महाविद्यालये उभारण्यास मंजुरी दिली. खर्च 1,570 कोटी रुपये, म्हणजे प्रत्येकी 10 कोटी; नव्या जागा सुमारे 15,700. अंबरनाथचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय 100 विद्यार्थ्यांसाठी ऑक्टोबर 2024 मध्ये सुरू झाले. ते या मंजुरीनंतरचे, त्यामुळे 157 च्या यादीत त्याला स्थान नाही. डॉक्टरांचे शिक्षण दाराशी आले, पण त्याच खाटांवर परिचारिका घडवायच्या तर राज्याला वेगळी तरतूद आणि वेगळी पदनिर्मिती करावी लागेल. ती एकाच वेळी करणे स्वस्तही पडते: प्रयोगशाळा, ग्रंथालय, वसतिगृहाची जमीन आणि रुग्ण दोघांनाही तेच लागतात.

पदभरतीचे स्वरूप हाही निधीचाच प्रश्न आहे. मे 2022 मध्ये राज्यातल्या शासकीय परिचारिकांनी संप केला, त्याचे मुख्य कारण बाह्यस्रोतातून परिचारिका नेमण्याला असलेला विरोध हे होते. तीन-चार वर्षे शिकून कंत्राटावरच उभे राहायचे असेल तर गरीब घरातली मुलगी परिचर्येकडे का वळेल, हा त्यांचा प्रश्न रास्त होता.

बारवीच्या काठची आदिवासी गावे आणि पाडे या साखळीच्या शेवटी येतात. निकषानुसार सपाट भागात 5,000 आणि डोंगराळ-आदिवासी भागात 3,000 लोकसंख्येमागे एक उपकेंद्र असते. तिथल्या एएनएमच्या, म्हणजे सहाय्यक परिचारिका प्रसविकेच्या वेतनाचा भार केंद्राच्या कुटुंब कल्याण कार्यक्रमाने उचलला. 2005 नंतर ग्रामीण आरोग्य अभियानातून दुसरी एएनएम आली, ती मात्र कंत्राटी. दोघींचे शिक्षण सारखेच, लसीकरण आणि बाळंतपणाची जबाबदारीही सारखीच; पण एकीला नियमित वेतनश्रेणी आणि दुसरीला ठरावीक मुदतीचे मानधन.