उधारीच्या वहीतले कोकण

कोकणातल्या खेड्याचा इतिहास लिहावयाचा तर देवळातल्या जुन्या कागदांइतकेच मोलाचे साधन म्हणजे वाण्याची उधारीची वही. इतिहासकारांची नजर तिकडे सहसा जात नाही. बहुधा तिला हळदीचा व रॉकेलचा वास येतो म्हणून!

१८५४ साली मुंबईत पहिली कापडगिरणी स्थापन झाली आणि पुढे रत्नागिरीकडचा तरुण बोटीने मुंबईस जाऊ लागला. १८८० साली टपालखात्याने मनीऑर्डर सुरू केली. सामान न्यावे म्हाताऱ्यांनी व बायकामुलांनी, पैसे यावेत गिरणगावातून, असा गावच्या दुकानाचा संसार जमला. मीठ, चहा, साखर, सुकी मासळी वहीत चढे. पोस्टमन येऊन गेला की खाते निम्मे उतरे. ते पुरते फिटावे अशी दुकानदाराचीही फारशी इच्छा नसे. खाते फिटलेले गिऱ्हाईक दुसऱ्या दुकानी जाण्यास मोकळे!

१८ जानेवारी १९८२ रोजी गिरण्यांचा संप सुरू झाला आणि ह्या व्यवहाराचा कणाच मोडला. जे पैसे पाठवीत, तेच गावी परतून उधारी मागू लागले. कित्येक वह्यांतली ती पाने तशीच राहिली. तालुक्याचा घाऊक व्यापारी मात्र थांबावयास तयार नसे.

१९९८ साली कोकण रेल्वे पुरी झाली. चाकरमान्यांचे येणे सोपे झाले, तसे बिऱ्हाड हलविणेही. २००१ ते २०११ ह्या दहा वर्षांत महाराष्ट्राची वस्ती वाढली, पण रत्नागिरी जिल्ह्याची सुमारे ८२ हजारांनी आणि सिंधुदुर्गाची सुमारे १९ हजारांनी घटली. २०११ च्या शिरगणतीत रत्नागिरीत हजार पुरुषांमागे ११२२ स्त्रिया होत्या. हा आकडा कोणी अभिमानाने सांगतो तेव्हा मला त्यात मुंबईस गेलेले पुरुषच दिसतात.

मग दुकाने टिकली कशी? एकाच छपराखाली पिठाची गिरणी, किराणा आणि मोबाईलचे रिचार्ज आले. दळण रोजचे राहिले नाही. चार घरांची पिठे जमली की गिरणी चालते. माल थोडा भरावयाचा, तोही लहान पुड्यांचा, कारण एकट्या म्हातारीला किलोभर डाळ महिनाभर सरत नाही. वर्षाची खरी कमाई गणपती, शिमगा आणि मे महिना एवढ्यातच. शिवाय तालुक्याहून रक्तदाबाच्या गोळ्या आणणे, वीजबिल भरणे, दोन दिवस न दिसलेल्या आजीच्या दारी मुलगा पाठवून चौकशी करणे, ही बिनपैशाची कामे. त्यांवरच गिऱ्हाईक टिकते, हे दुकानदार पक्के ओळखून आहे.

मनीऑर्डरही वेगळ्या वेषात परत आली आहे. विरारहून मुलगा फोनवर पैसे पाठवितो आणि सांगतो, "काका, आईला सामान पोचवा." काका वहीत नाव लिहितात, खाली रेघ ओढतात. त्या काकांची साठी उलटून गेली आहे आणि त्यांचा स्वतःचा मुलगा डोंबिवलीस नोकरी करतो. गणपतीला तो येतो, चार दिवस गल्ल्यावर बसतो. कोणाची किती बाकी, हे मात्र अजून त्याला काकांनाच विचारावे लागते.