कांदा काढला, पुढे काय?

मंडळी, गेले काही वीकेंड मी पोटाचा इतिहास वाचतोय. कारण घरगुतीच आहे. सगळे रिपोर्ट नॉर्मल आल्यावर डॉक्टरांनी माझ्या दुखण्याला 'आयबीएस' असं नाव दिलं आणि डाएटिशियनने कांदा, लसूण, गहू, दूध, राजमा असं सगळंच बंद केलं. आमच्या घरात कांदा-लसूण बंद म्हणजे जेवणच बंद! तेव्हा म्हटलं, ही पद्धत आली कुठून ते तरी बघू.

सुरुवात होते कॅलिफोर्नियातल्या ओकलंडमध्ये. अल्बर्ट रो नावाचे अ‍ॅलर्जीचे डॉक्टर १९२० च्या दशकात पेशंटना मोजक्याच पदार्थांवर ठेवायला लागले. त्वचेवरच्या चाचण्या अन्नाच्या बाबतीत फसवतात, असं त्यांचं म्हणणं. त्रास थांबला की एकेक पदार्थ परत द्यायचा. आपण बग शोधताना अर्धा कोड कमेंट करून ठेवतो ना, तसंच. फक्त इथे एकेका टेस्टला काही दिवस जातात.

दुसरं नाव हॉलंडच्या विलेम डिके यांचं. १९४४-४५ च्या दुष्काळी हिवाळ्यात ब्रेड मिळेनासा झाला आणि सिलिअ‍ॅकची मुलं सुधारली, अशी गोष्ट सगळीकडे सांगितली जाते. पण त्यांना गव्हाचा संशय १९३० च्या दशकापासूनच होता. गहू काढा, परत द्या, काय होतं ते मोजा, असं करून त्यांनी १९५० मध्ये उट्रेख्टला प्रबंध सादर केला. सिलिअ‍ॅक म्हणजे आयबीएस नव्हे, हे खरं. पण लक्षणं सारखी दिसू शकतात, म्हणून गहू सोडण्याआधीच त्याची रक्ततपासणी करून घ्यावी. गहू सोडून बसल्यावर ती खोटी नॉर्मल येऊ शकते.

आयबीएसवाल्यांचं म्हणाल तर १९८२ साली केंब्रिजच्या जॉन हंटर आणि मंडळींनी 'लॅन्सेट'मध्ये २१ पेशंटचा अभ्यास छापला. त्यातल्या १४ जणांचा त्रास ठरावीक पदार्थांनी सुरू होत होता. सहा जणांना पेशंटलाही कळणार नाही आणि तपासणाऱ्यालाही, अशा पद्धतीने ते पदार्थ दिले, तरी त्रास झालाच. माणसं फार थोडी, पण मला हा अभ्यास आवडतो. कारण 'मनाचे खेळ आहेत हो तुमचे' हे ऐकून ऐकून आमच्यासारख्यांचे कान किटलेले असतात.

मग येतं मेलबर्न. स्यू शेफर्ड आणि पीटर गिब्सन यांनी २००५ साली 'फॉडमॅप' हा शब्द मांडला. नीट न पचणाऱ्या छोट्या साखळीच्या साखरा, असा त्याचा अर्थ. कांदा-लसूण-गव्हातलं फ्रक्टान, कडधान्यांतल्या साखरा, दुधातलं लॅक्टोज, आंब्यातलं जादा फ्रक्टोज. या साखरा आतड्यात पाणी ओढतात, मोठ्या आतड्यातले जिवाणू त्या आंबवून गॅस करतात, आणि हळव्या आतड्याला तो ताण सोसत नाही. (फ्रक्टान तेलात विरघळत नाही. म्हणून तेलात लसूण परतून पाकळ्या काढून टाकल्या तरी फोडणीला वास राहतो. हिंगाच्या डबीवर मात्र गव्हाचं पीठ लिहिलंय का ते बघा!)

याच गटाची पुढची गोष्ट तर एखाद्या थ्रिलरसारखी आहे. २०११ साली त्यांनी ३४ जणांवर प्रयोग केला. सिलिअ‍ॅक नसलेल्यांनाही ग्लुटेनचा त्रास होतो, असा निष्कर्ष निघाला. 'ग्लुटेन-फ्री'वाल्यांची दिवाळीच! पण हे लोक तिथे थांबले नाहीत. २०१३ मध्ये अशाच ३७ जणांना आधी कमी फॉडमॅपवर ठेवलं. सगळे सुधारले. मग ग्लुटेन किंवा नुसतं व्हे प्रोटीन दिलं, कोणाला काय मिळतंय ते न सांगता. त्रास दोन्हींनी सारखाच वाढला! नॉर्वेमध्ये २०१८ साली ५९ जणांना ग्लुटेन, फ्रक्टान आणि यांतलं काहीच नसलेले बार खायला दिले, तेव्हा जास्त त्रास फ्रक्टानने दिला. म्हणजे बदनाम झालं ग्लुटेन आणि चोर निघाला बाजूचाच. आपलाच निष्कर्ष दोन वर्षांत असा खोडून काढणं आपल्या ऑफिसात कोणी करतं का? असो.

या सगळ्यांत काढून टाकणं हे सोपं काम होतं. खरी मेहनत पदार्थ परत घालण्यात गेली. आणि लोक सोडतात ते नेमकं हेच. माझ्या ओळखीचा एक जण दोन वर्षं भात, अंडी आणि काकडीवर आहे. बरं वाटतंय म्हणून पुढे जायची भीती! खरं तर पूर्ण बंदी फक्त दोन ते सहा आठवड्यांची, तीही जाणकाराच्या देखरेखीखाली. याच साखरांवर आपल्या पोटातले उपयोगी बिफिडोबॅक्टेरिया जगतात, आणि पथ्य कडक ठेवलं की ते कमी होतात. मग एका वेळी एकच पदार्थ, तीन दिवस वाढत्या प्रमाणात, वहीत नोंद. बऱ्याच जणांना कळतं की दूध चालतंय, फक्त कांदा नको. किंवा कांदाही चालतो, पण अर्धाच.