रेड हिलचें तेल आणि होनोलुलूचें पाणी

प्रशांत महासागरांतील ओआहू बेटावर होनोलुलू शहर वसलें आहे. या बेटाचा खडक ज्वालामुखीच्या रसाचा, म्हणजे सह्याद्रीच्या काळ्या पाषाणाचाच भाऊबंद. परंतु फार सच्छिद्र. पावसाचें पाणी त्यांत मुरतें आणि खोल जाऊन खाऱ्या पाण्यावर गोड्या पाण्याचा साठा तरंगत राहतो. इ. स. १८७९ मध्यें एवा येथें जमिनींत नळ उतरवून हें पाणी प्रथम वर आणण्यांत आलें, आणि पुढें शहराची तहान त्यावरच भागूं लागली.

याच साठ्याच्या डोक्यावर अमेरिकन आरमारानें आपलें तेल ठेविलें. पर्ल हार्बरच्या उघड्या टाक्या शत्रूच्या विमानांस सहज दिसतील, या भीतीनें १९४० च्या अखेरीस रेड हिल नांवाची टेकडी पोखरण्यास आरंभ झाला. १९४३ पर्यंत तिच्या पोटांत वीस टाक्या उभ्या राहिल्या. प्रत्येक टाकी २५० फूट उंच, १०० फूट रुंद, आणि तींत सव्वा कोटि गॅलन तेल मावे! तेल उताराच्या जोरावर अडीच मैल लांबीच्या बोगद्यांतून बंदरांत येई. काम अचाट होतें यांत संशय नाहीं. मात्र टाक्यांचा तळ आणि खालचें गोडें पाणी यांत अंतर होतें सुमारें शंभर फुटांचें.

जानेवारी १९१४ नव्हे, तर बरोबर शंभर वर्षांनंतर, जानेवारी २०१४ मध्यें दुरुस्तीहून परत भरलेल्या पांचव्या टाकींतून सुमारें २७,००० गॅलन तेल गळालें. चौकशा झाल्या, करारनामा झाला, तेल मात्र जागच्या जागीं राहिलें. ६ मे २०२१ रोजीं चुकीनें सांडलेलें तेल आग विझविण्याच्या यंत्रणेच्या एका नळांत शिरलें व महिनोगणती तेथेंच पडून राहिलें. २० नोव्हेंबरला एका गाडीचा धक्का लागून तो नळ फुटला. आठवड्याभरांत लष्करी वसाहतींतील गृहिणींना नळाच्या पाण्यास घासलेटासारखा दर्प येऊं लागला. मुलांच्या अंगावर पुरळ उठलें, पोटें बिघडलीं. अधिकाऱ्यांनीं प्रथम पाणी निर्दोष असल्याचें सांगितलें. तें विमानी इंधन घासलेटाच्याच जातीचें होतें. सुमारें ९३,००० माणसें त्या पाण्यावर अवलंबून होतीं.

नाकाची साक्ष दरबारीं चालत नाहीं, म्हणून नमुने घेणें आलें. असा नमुना घेणें म्हणजे घागर बुडवून वर काढणें नव्हे. परीक्षणविहिरीच्या नळींत सांचून राहिलेलें पाणी आधीं हळूहळू उपसतात. त्याची उष्णता व क्षारता स्थिर झाली म्हणजे खडकांतील ताजें पाणी आलें असें समजतात. मग कांचेची लहान कुपी कांठोकांठ भरावयाची, आंत हवेचा बुडबुडासुद्धां राहतां कामा नये. कारण तेलाचे हलके अंश त्यांत निसटतात. जंतूंनीं तेल खाऊन टाकूं नये म्हणून थोडें आम्ल घालतात आणि कुपी बर्फांत ठेवितात. सोबत शुद्ध पाण्याची एक बंद कुपीही प्रवास करते. तिच्यांत तेल आढळलें, तर दोष विहिरीचा नव्हे, वाटेचा! प्रयोगशाळेंत वायु-क्रोमॅटोग्राफ नांवाचें यंत्र तेलाचे घटक एकेक करून वेगळे करतें. तेल पाण्यावर तरंगत असल्यानें नमुना कोणत्या खोलीवरून घेतला, हेंही महत्त्वाचें ठरतें.

डिसेंबर २०२१ मध्यें रेड हिलच्या विहिरीचे आंकडे आले. डिझेलवर्गीय द्रव्यें एक अब्ज भागांत १,४०,००० भाग, म्हणजे राज्याच्या ४०० भागांच्या मर्यादेच्या ३५० पट. वाद तेथें मिटला.

शहराच्या पाणीखात्यानें त्याच महिन्याच्या आरंभीं आपली हालावा येथील विहीर बंद केली होती. तिच्यांत तेल सांपडलें होतें म्हणून नव्हे. उपसा चालू ठेविला तर शेजारचें तेल तिकडे ओढलें जाईल, हें तिच्या चालकांनीं ओळखिलें होतें. ७ मार्च २०२२ रोजीं टाक्या कायमच्या बंद करण्याचा हुकूम सुटला, आणि ऑक्टोबर २०२३ मध्यें दहा कोटींहून अधिक गॅलन तेल टेकडीच्या पोटांतून जहाजांत उतरविण्यास प्रारंभ झाला.